तिसऱ्या बेअरिंगमागची चांदी

आप्पा, मागच्या आठवड्यात मुलुंडला आपल्या गॅरेजात शाळेची एक जुनी व्हॅन आली. चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आतून ठक ठक येतंय गं. पण इंजिन तुझ्या आप्पांनी बांधलेलं, त्यांच्या हातचं शेवटचं. म्हणून इतकी वर्षं पोरं भरून बिनधास्त फिरले." मी इंजिन उतरवलं, उलटं केलं, तळाचा ऑइलचा चेंबर काढला. फिरणारा क्रँक धरून ठेवणाऱ्या पाच कॅपवर तुमच्या पद्धतीचे पंचचे ठिपके होते, एकापासून पाचपर्यंत, कॅपची अदलाबदल होऊ नये म्हणून. ते दिसल्यावर मला बरं वाटलं. मग तिसरी कॅप सोडवली, बेअरिंगची पातळ अर्धी वाटी काढली आणि तिच्या मागून चांदीचा कागद निघाला. ब्लेडने नीट कापलेला, वाटीच्या मापाचा.

आठवतंय? मी नऊ वर्षांची आहे. चॉकलेटची चांदी नखाने सपाट करून मी अशाच एका वाटीमागे लावली आहे, गंमत म्हणून. तुम्ही मारत नाही. बांधून झालेलं इंजिन परत सगळं खोलता आणि मला शेजारी बसवता. "मागसून काय्येक जावचा नाय. केस पण नाय. ढिला असला तर क्रँक लेथवर न्यायचो, नवी बेअरिंगा घालायची. कागद घातलो तर आवाज गप होता, पण रोग आत ऱ्हवता." त्या दिवसापासून मी प्रत्येक वाटीची पाठ दोनदा पुसते. कधी तीनदा. तुम्ही हसायचात, "तीनदा पुसतस म्हणजे पयल्या दोनदांवर तुझो इश्वास नाय."

म्हणून तो कागद मी पुसून बाकावर ठेवला. तुम्ही हे केलं असेल तर तुमच्याकडून शिकलेलं काय काय मी परत तपासायचं, हे मला कळेना. शेवटी काकांना विचारलं. ते आता दिवसभर दारातल्या खुर्चीत असतात.

"तो कशाक करीत?" काका म्हणाले. "ह्या इंजिन तू बांधलंस. तो जाऊन आठ दिवस झालेले, सुतकात गॅरेज बंद, आणि तू शटर अर्धं वर करून आत."

"काका, मी चौदा वर्षांची होते."

"मगे? मी दारात उभो होतंय. तू त्याच्यासारखी घसा खाकरत होतीस. पाना मागताना हातसुद्धा तसोच मागे करायचंस, न बघता. पाना देऊक कोण नव्हता मागे. मी घाबरलंय, बाय. घराक गेलंय."

मला यातलं काही आठवत नाही. सुतकाचे ते दिवस माझ्याकडे नाहीतच. आईने केलेला मऊ भात आठवतो, आणि एकदम शाळेची घंटा.

क्रँकवरून नख फिरवलं तर तिसऱ्या जागी अडकलं. क्रँक घाटकोपरला नेऊन ग्राइंड करून आणला, त्या मापाची नवी बेअरिंगं घातली. फट मोजायचा मेणासारखा बारीक दोरा क्रँकवर ठेवून कॅप आवळली, परत खोलली, दोरा किती चपटला ते पट्टीला लावून पाहिलं. पाचही जागी. तिसरीला चार वेळा. दोरा दर वेळी सारखाच चपटा झाला.

मावशी व्हॅन न्यायला आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. "चूक आप्पांची नव्हती, बांधणारी मी होते, त्या कागदावर तुम्ही इतकी वर्षं मुलं नेलीत." मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "काहीतरीच काय. तू केवढीशी होतीस. त्या वेळी गाडी न्यायला आले तर तुझे आप्पा बसलेले होते ना इथे, तुझ्या शेजारी. बोलले नाहीत, मला वाटलं बरं नसेल. मग काही दिवसांनी कळलं, गेले."

तुम्ही कधी गेलात ते मी त्यांना सांगितलं नाही. चावी दिली. व्हॅन गल्लीच्या वळणापर्यंत ऐकत राहिले, ठक ठक नव्हती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, काकांनाही दाखवणार नाही. पण एक कबूल करते. मावशी ते बोलल्या तेव्हा मला भीती वाटायला हवी होती, आणि मला तुमचा राग आला. शेजारीच बसला होतात, तर माझा हात का नाही धरलात?