सगुणेनं काठी हातात दिली
पौष वद्य पंचमी, दिंद्रुड

आमवातानं दोन्ही गुडघे सुजलेत. हकीमसाहेब म्हणाले, खाटेवरून हलू नका. दिवाळीपासून हललो न्हाई, तर गुडघे लाकडावानी झाले. आज माझ्या बायकोनं, सगुणेनं, हातात काठीच दिली.

"उठा. विहिरीपर्यंत चला."

"मारतीस काय मला?"

"पडून ऱ्हाऊन जगताय व्हय?"

वाटंनं लई शिव्या घातल्या. गुडघे ठणकत होते. ती निसती पुढं चालत ऱ्हायली. विहिरीच्या काठावर बसलो, मग परत निघालो, तवा ध्यानात आलं. एकटाच उठलो! घरी दोघं धरून उठवतात. मग हकीमसाहेबाचं एवढं ऐकलं कावून? सगुणेनं ते बघितलं, अन् काठी निसती पुन्हा हातात दिली. त्याचाच जास्त संताप येतोय. उद्या बांधापर्यंत चला म्हणती. मी हो म्हणून बसलोय.