अंजिरांचा बंदोबस्त

३ तारीख, सोमवार
ताईला हॉस्पिटलमधून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आता हवं ते खाऊ द्या. म्हणजे सुधारणा आहे. ताईने आमच्या मागच्या दारचं अंजीर मागितलं. झाड तिनेच लावलेलं. म्हणाली, एकच आण, पिकलेलं, नुसतं धुऊन. नुसतं धुऊन! सख्खा भाऊ आहे मी, फळवाला नाही. अंजिराचा टार्ट करणार, म्हणजे बिस्किटासारख्या पायावर अंजिरं लावून भाजायची. व्हिडिओ पाहिला. सोपं आहे.

५ तारीख, बुधवार
टार्टचा पाया केला. किंचित कडक. हिने तो टेबलावर ठोकून दाखवला. बायकोला प्रयोगाची किंमत नसते. दोष ओव्हनचा.
ताई दोनच गल्ल्या पलीकडे राहते, पण जाईन तर टार्ट घेऊनच. रिकाम्या हाताने गेलो तर सगळी मजा जाईल.

६ तारीख, सकाळी ७
काल पिकलेली नऊ अंजिरं होती. आज आठ. पाखरं चोच मारतात, देठ कात्रीने कापत नाहीत. शेजारच्या मास्तरांकडे कात्री आहे.

८ तारीख
आणखी दोन गेली. मास्तरांना स्पष्ट विचारलं. म्हणाले, मला डायबेटिस आहे. चोराच्या उलट्या बोंबा. आता बोलणं बंद. त्यांचंच नुकसान.
ही म्हणाली, ताई तुमची वाट बघतात, एकदा जाऊन तरी या. रविवारी नक्की.

९ तारीख, रविवार
पाया चौथ्यांदा फसला. मैदा जुना असावा. जाणं पुढे ढकललं.

१० तारीख
आणखी एक गायब. बस्स. झाड रिकामं केलं. पिकलेली पाच टार्टवर लावली. मास्तरांच्या खिडकीवर नजर ठेवण्याच्या नादात ओव्हनमध्ये कोळसा झाली. हिरवी सगळी तांदळाच्या डब्यात पुरली. आंबा पिकतो, अंजीर का नाही पिकणार?
ही धावत आली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, अहो, अंजीर झाडावरच पिकतं, तोडलं की संपलं. अडाणीपणा. चिकाने माझी बोटं सुजली आहेत, पण ताईसाठी एवढं सोसेन.

१२ तारीख
डबा उघडला. हिरवी. अंजीर मुळात संथ फळ आहे.
ही सकाळ-संध्याकाळ ताईकडे जाते. जाताना हातात एक छोटी डबी असायची, ती दोन दिवस ओट्यावर पालथी पडली आहे. आळस, दुसरं काय.

१३ तारीख
पाया जमला! खुसखुशीत. आता फक्त अंजिरं पिकायची बाकी. ताईला निरोप पाठवला की थोडी कळ काढ.

१४ तारीख, दुपारी
ताई पहाटे गेली.
मास्तरही ताईच्या घरी आले होते. माझ्याशेजारी बसले.
घरी आल्यावर हिने कात्री माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, चोर मी. जवळजवळ रोज एक न्यायची, साल काढून चमच्याने भरवायची. तेवढंच ताईच्या घशाखाली उतरायचं. मला का सांगितलं नाहीस, विचारलं. ताईनेच अडवलं होतं म्हणे. "त्याला काहीतरी मोठं करायचंय. करू दे. मी खाल्लं कळलं तर हिरमुसेल."
मग ही म्हणाली, "शेवटचे चार दिवस त्या विचारत होत्या. मी सांगत राहिले, झाडावर एकही पिकलेलं नाही."
वेळेवर सांगितलं असतं तर मी एखादं ठेवलं असतं. चूक हिची.
नाही. तसं नाही.

१४ तारीख, संध्याकाळी
तांदळाचा डबा उघडला. अंजिरं सुरकुतली आहेत, पण हिरवीच. एक चावून पाहिलं. जीभ चरचरली. डोळ्यांतलं पाणी थांबत नाही, चीक लागला असावा.
दोन दिवस आणखी ठेवून पाहतो.