सत्त्याण्णव पानावरचं कूपन

३ सप्टेंबर, मंगळवार

आणखी एक. पुन्हा भोक!

पाकीट कॅन्ससहून आलं. पुठ्ठ्यात पुठ्ठा, त्यात प्लास्टिक, त्यात 'लँटर्न मिस्टरीज' हे रहस्यकथांचं मासिक, मार्च १९५१. साइटवर लिहिलं होतं – 'पूर्ण अंक, दोन्ही मुखपृष्ठांसह, कडा जरा ठिसूळ'. कडांचं खरं निघालं. उघडल्याबरोबर टेबलावर तपकिरी चुरा सांडला. पान सत्त्याण्णव काढलं – खालचा चौकोन गायब. कात्रीने, सरळ रेषेत, मन लावून कापलेला. ही तिसरी प्रत.

विकणाऱ्या बाईला कळवलं. बर्निस तिचं नाव. तासाभरात उत्तर – "अगं राणी, मी काय पानं मोजत बसते? मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई असली की लोक घेतात. आतलं वाचायला मागणारी तू पहिलीच!"

विद्यापीठात हस्तलिखितांच्या यादीत किड्यांनी खाल्लेल्या पोथीपुढे आम्ही 'कृमिदष्ट' लिहायचो. 'कात्रीदष्ट' असा शब्द नाही. हवा होता.

जेवताना सासऱ्यांनी, पॉपनी, विचारलंच. "विजी, पोस्टाची गाडी थांबली होती ना आज?" डोळे चाललेत, कान शाबूत! "बियाणांचा कॅटलॉग," मी म्हटलं. "सप्टेंबरात?" म्हणाले, आणि शांतपणे मक्याच्या कणसाला लोणी लावत बसले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

पॉपना घेऊन कोलंबसला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बुबुळात सुई. मी दर वेळी भिंतीवरचं कॅलेंडर बघते.

डॉक्टरीण स्पष्ट बोलली. मधला भाग जातोय. कडेकडेने दिसत राहील – माणसं, दारं, झाडं. छापील अक्षर मात्र थँक्सगिव्हिंगच्या जेवणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, धरून चाला. पॉप म्हणाले, "म्हणजे टर्की दिसेल, तिचं बिल दिसणार नाही. चांगलंय की!" डॉक्टरीण हसली. मी गाडीत बसेपर्यंत हसले नाही.

परतीच्या वाटेवर पॉपचं एकच वाक्य – "ते पान मी स्वतः वाचणार हं. तू वाचून दाखवायचं नाहीस."

८ सप्टेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर पॉपनी पुन्हा सगळं सांगितलं. मी पुन्हा सगळं ऐकलं. एकदा लिहून ठेवते, म्हणजे मला वैताग आला की वाचता येईल.

एकावन्न साल. पॉप नऊ वर्षांचे, थोरला भाऊ मर्ल एकोणीसचा. मर्ल पडवीत बसून मोठ्याने वाचायचा, पॉप पायरीवर. गोष्ट ईरी सरोवरावरच्या दीपगृहाची. बोटीच्या कप्तानाचा खून होतो, केला कोणी? शेवटचं पान राहिलं होतं. पॉपनी त्याआधी एक उद्योग केला. सत्त्याण्णव पानावर जाहिरात होती – घरबसल्या गुप्तहेर व्हा, कूपन पाठवा, पुस्तिका मोफत. त्यांनी कूपन कापलं. कात्रीला काय माहीत की पलीकडच्या बाजूला गोष्टीचा शेवट आहे!

मर्लने अठ्ठ्याण्णव पान उलटलं. भोकाच्या वरपर्यंत वाचलं – "त्याने दार ढकललं. दिवा जळत होता. खुर्ची रिकामी होती." आणि पुढे भोक. भोकातून पायरी दिसत होती.

"खाल्लास ना शेवट, गाढवा?" मर्ल म्हणाला. फार नाही. एवढंच. पण पॉप धान्याच्या कोठारात जाऊन बसले, आणि दोन दिवसांनी मर्ल फौजेत भरती व्हायला निघाला, तेव्हा बसपर्यंत गेले नाहीत. मर्ल कोरियाच्या युद्धातून परत आला नाही. पुस्तिका मात्र आली – 'आदरणीय श्री. स्ट्रूप यांस'.

"शेवट न कळता गेला तो," पॉप म्हणतात. "माझ्यामुळे." गेली त्र्याहत्तर वर्षं.

नवऱ्याला, डेलला, मी विचारलं, तुला हे कधी सांगितलं होतं? "मला? मला तर ते हवामानही सांगत नाहीत," डेल म्हणाला. स्वतःचा मुलगा! सांगितलं ते सुनेला. एका सुईच्या दिवशी, डोळ्यावर पट्टी असताना. बहुधा मी दिसत नव्हते म्हणून.

१४ सप्टेंबर

शोध चालू. लिलावाच्या साइटवर रोज सकाळी चहाबरोबर. नाव चुकीचं टाइप करूनही बघायचं – आळशी विकणाऱ्यांचा माल तिथे पडून असतो. पेनसिल्व्हेनियातल्या दोन दुकानदारांच्या याद्या. एक नेब्रास्काचा, तो अजून टपालाने यादी पाठवतो. टेक्सासच्या एका बाईने खोक्याचं खोकं देऊ केलं – 'चाळीस अंक, जसे आहेत तसे, तक्रार चालणार नाही'. म्हटलं, फक्त एका पानाचा फोटो पाठवा. तिने फोटो पाठवला. मांजराचा. खोक्यावर बसलेल्या.

स्कॅनही सापडला! कुणा भल्या माणसाने अख्खा अंक फुकट वाचायला ठेवलाय. लगेच अठ्ठ्याण्णव पान उघडलं. भोक. भोकातून शहाण्णवावं पान दिसतंय, दाताच्या कवळीची जाहिरात. खाली टीप – 'कूपन कापलेलं आहे, क्षमस्व'.

त्या वर्षी या देशात घराघरात एक गुप्तहेर तयार झाला असणार. मग एवढे खून पचतात कसे?

१७ सप्टेंबर

काही नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

संग्राहकांच्या ऑनलाइन मंचावर विचारलं. वीस उत्तरं, अठरा उपदेश. 'कागदाला नाक लाव, शिळ्या व्हिनेगरचा वास आला तर घेऊ नकोस.' 'रबर बँड लावू नकोस.' बाई, तू गोष्ट वाचणार? – असंही एकाने विचारलं, जणू मी अंक तळून खाणार आहे.

एकोणिसावं उत्तर ईरी शहरातल्या हर्शेल टीगचं. निवृत्त पोस्टमन. "माझ्याकडे आहे. कूपनसकट."

२२ सप्टेंबर

आहे, पण डबीत! या लोकांची ही रीत मला अजून पचत नाही. अंक तपासनिसाकडे पाठवायचा. तो पानं मोजतो, दहापैकी गुण देतो आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करतो. डबीवर लिहिलंय – 'साडेसात. पानं पूर्ण. कूपन शाबूत.' त्यानंतर तो अंक कोणीही उघडायचा नाही. डबी फोडली की गुण गेले. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा ऐकली होती, हे उलटं. प्राण काढून घेऊन मग पूजा.

हर्शेलला फोन केला. आवाज गोणपाटासारखा.

"विकेन. पण डबी फोडणार नाही म्हणून शब्द दे, बाई."

"फोडणार आहे. त्यासाठीच हवाय."

"फोडणार? अगं, या अवस्थेतले मला माहीत असलेले दोन अंक आहेत जगात. दोन! तुला वाचायचं काय त्यात? खून बटलरनेच केलेला असतो."

"दीपगृहात बटलर नसतो, हर्शेल."

"मग तू वाचलीयस की!"

सगळं सांगितलं. मर्ल, पायरी, बस. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, कुत्र्याला फिरवायचंय, आणि ठेवला फोन.

३० सप्टेंबर, सोमवार

हर्शेल गप्प. मी दोनदा लिहिलं, मग लाज वाटली.

पॉपनी आज वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. मग त्यांनीच सरळ केलं. "फोटो तेवढे बघत होतो," म्हणाले.

११ ऑक्टोबर

थकवा आलाय. लिलावात एक प्रत हातची गेली, शेवटच्या तीन सेकंदांत. पुढे कळलं, तिलाही भोकच होतं. नशीब म्हणायचं, पण कुणाचं?

डेल म्हणाला, "पुरे कर आता. तूच लिही ना दोन ओळी. छापून घेऊ जुन्या कागदावर. पॉपना काय कळणार?"

काय कळणार! तीस वर्षं विद्यापीठात पोथ्या चाळल्या. कुणीतरी मध्येच स्वतःचे श्लोक घुसडलेले दिसले की 'प्रक्षिप्त' असं लिहून त्या अज्ञात गृहस्थाला मनात शिव्या दिल्या. आज पहिल्यांदा वाटलं – त्याच्याही घरात कुणी म्हातारा असेल. डोळे चाललेला.

नाही म्हटलं डेलला. पण भांडी घासताना दोन ओळी सुचल्या. वाईट नव्हत्या.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

ईरीहून पाकीट!

आत अंक. मोकळा. डबी नाहीच. वर हर्शेलची चिठ्ठी, पोस्टमनच्या ठसठशीत अक्षरात – "मीच फोडली. तू स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली असतीस आणि पानाचे तुकडे केले असतेस. वरच्या कोपऱ्यात पटाशी घालायची, मग बाजूने. सत्त्याण्णव मी उघडलेलं नाही. ते त्यांनी आधी बघावं. माझाही एक भाऊ होता. मंचावर कुणाला सांगू नकोस, हाकलून देतील मला."

अंक विकत नाही, देतोय, असंही लिहिलंय. मी तिथेच, ओसरीवर, पत्रपेटीला टेकून उभी राहिले.

पॉप आणि डेल कोलंबसला गेलेले, सुईसाठी. हर्शेलने लिहिलं होतं त्यांनी आधी बघावं म्हणून. मला ते जमलं नाही. हात धुतले, पुसले, बसले, उघडलं. कूपन जागेवर – नाव, पत्ता, वय, तीन रेघा. पान उलटलं.

"त्याने दार ढकललं. दिवा जळत होता. खुर्ची रिकामी होती."

त्याखाली, मधोमध, बारीक अक्षरात – समाप्त.

आणि त्याखाली हर्नियाच्या पट्ट्याची जाहिरात.

एवढंच. बाकी काही नाही. कात्रीने काय नेलं? एक शब्द आणि अर्धा पट्टा. गोष्ट भोकाच्या वरच संपली होती. असा कसला शेवट! खुनी कोण, हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसणार. अंक छापायला जायचा दिवस उजाडला असेल, ठेवली खुर्ची रिकामी.

मी हसले. मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही.

२६ ऑक्टोबर

सांगू कसं? त्र्याहत्तर वर्षं एका माणसाने हर्नियाच्या पट्ट्यासाठी स्वतःला कोसलं, हे त्याला त्याच्या तोंडावर सांगायचं?

त्या दोन ओळी पुन्हा आठवल्या. चांगल्या आहेत. त्यात मारेकरी सापडतो.

अंक कपाटात, टॉवेलांखाली.

२७ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये पॉपनी गाण्याचं पुस्तक उघडलं, बघितलं, मिटलं. पाठ येत होतं तेवढं गायले.

२८ ऑक्टोबर, सोमवार

दिलं. जसं आहे तसं. खिडकीपाशी, दिव्याच्या भिंगाखाली. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने, त्यांनी अठ्ठ्याण्णव पान स्वतः वाचलं. शेवटचा शब्द एकेक अक्षर करून, दोनदा.

मग त्यांनी दिवा बाजूला सारला.

"म्हणजे मर्लने गोष्ट पुरी वाचली होती."

"हो, पॉप."

"पुरी वाचून गेला तो."

"हो."

मग हात पुढे केला. "विजी, कात्री आण."

हर्शेलचा चेहरा डोळ्यांपुढे आला – न पाहिलेला. आणली. कागदाची कड मी धरली, कूपन त्यांनी कापलं. वाकडं गेलं. पेन मागितलं. नावाच्या रेघेवर लिहिलं, मर्ल स्ट्रूप. पत्ता आमचाच. वय – एकोणीस.