केसरबाईंशी माझा काही संबंध नाही

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. संघपाल यास,

जयभीम आणि आत्याचे आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? (खुर्चीत वाकडा बसू नकोस, हे मी तुला सहावीपासून सांगते आहे.) तनुजा बरी असेल. तिचे शुक्रवारच्या महिला पुरवणीतले लेख मी वाचते. स्वल्पविराम सोडले तर छान असतात. माझे म्हणशील तर शुगर ठीक आहे, पण मी घाबरलेली आहे. फोन न करता पत्र का, असे वाटेल. फोनवर रडू येते, आणि कागद फाडता येतो. इंटरनेटवर काहीच फाडता येत नाही, हे मला सदुसष्टाव्या वर्षी, तेहतीस वर्षे मुलींना इंग्रजी शिकवून झाल्यावर, चारचौघांत कळले.

तुझी आजी लासूर स्टेशनच्या मोंढ्यात धान्य निवडणाऱ्या बायांना रोज दुपारी पेपर वाचून दाखवायची, हे तुला ठाऊक आहे. बावीस वर्षे. चौथी शिकलेली बाई, पण अग्रलेखसुद्धा सोडायची नाही. तर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका बाईंनी येऊन सांगितले, की इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात आता कोणीही लिहू शकतो. घरी येऊन पाहिले, तर कुठल्याशा नटाच्या कुत्र्यावर तिथे पान आहे, आईवर नाही. माझे डोके फिरले. ‘तटस्थ निरीक्षक’ नावाने खाते उघडले आणि दोन दिवसांत पान लिहून काढले. पहिले वाक्य होते, ‘आदरणीय मातोश्री केसरबाई या त्यागाची मूर्ती होत्या.’ (तटस्थ निरीक्षकाने मातोश्री म्हणू नये, हे मला तेव्हा सुचले नाही. हसू नकोस.)

खाली संदर्भ द्यायचे असतात. मी रीतीप्रमाणे दिले. म्हणजे लग्नपत्रिकेत देतो तसे, मानाने मोठे आधी, कोणी रुसू नये म्हणून सगळे. पहिला मान सांडूमामांचा. (आईने वाचन सुरू केले तेव्हा मामा पाळण्यात होते, पण मान तो मान.) मग थोरल्या काकू, मग धाकट्या, मग ‘समस्त परिवार, लासूर स्टेशन’. शेवटी एक छापील संदर्भ हवा म्हणून आमच्या संघाची स्मरणिका. तिची संपादक मी, आईवरचा लेख माझा, मुद्रितशोधनही माझे. एकही चूक नाही तीत.

शनिवारी पानावर लाल चौकट उमटली. ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. सात दिवसांत विश्वसनीय स्रोत न दिल्यास पान वगळले जाईल.’ लावणारा कोण, तर ‘कडुलिंब७’. (पहिले सहा कडुलिंब कुठे गेले देव जाणे.) त्याने खाली विचारले होते, हे संदर्भ आहेत की निमंत्रक मंडळ? तेहतीस वर्षांत माझ्याशी असे कोणी बोलले नव्हते. पण राग आला तो नंतर. आधी चष्मा पुसून चौकट पुन्हा वाचली. आई जाऊन एकोणीस वर्षे झाली, आणि आता कोणीतरी तिला जाहीरपणे ‘वगळणार’ होते, कारणासह.

रविवारी बस धरून लासूरला गेले. त्या वाचनाला बसणाऱ्यांतली आता एकटी गोजरबाई उरली आहे, चौऱ्याऐंशीची. तिला म्हटले, पुरावा हवा आहे. ती म्हणाली, “पुरावा? म्या रोज ऐकलंय की गं! केसरमाय वाचायची आन आमी ज्वारी निवडायचो. कोन नाय म्हनतंय, त्याला आन इथं.” सगळे वहीत उतरवून आणले आणि संदर्भात घातले, ‘गोजरबाई, तोंडी, ओट्यावर’. कडुलिंबाने ते वीस मिनिटांत काढले. तोंडी माहिती चालत नाही, छापून आलेले हवे. गोजरबाईला फोन करून सांगितले तर म्हणाली, “मंग छाप की! मला छापायला काय झालंय?”

आता खरे ते सांगते. फोटो चढवताना ‘स्वतःचे काम’ या चौकटीत मी खूण केली होती. (त्याचा अर्थ फोटो मी काढला असा होतो, हे नंतर कळले.) १९६६ चा फोटो; आई पेपर धरून बसली आहे आणि पुढे शेंबूड न पुसता उभी आहे ती मी. आई माझी, फोटो माझा, मग काय शेजारणीचे काम लिहू? कडुलिंबाने काल माझ्या चर्चापानावर, म्हणजे माझ्याशी बोलण्यासाठीच्या पानावर, अगदी अदबीने विचारले, ‘आपला या व्यक्तीशी काही संबंध आहे का? असल्यास जाहीर करावा, लपवू नये.’ हितसंबंध म्हणतात त्याला. संघपाल, मला वाटले हो म्हटले की पान तिथल्या तिथे जाईल. मी लिहिले, ‘केसरबाईंशी माझा काही संबंध नाही.’

बटण दाबले आणि पुसायला गेले, तर वरून पुसले गेले, पण ‘इतिहास’ नावाच्या कळीत ते तारीख-वेळेसकट तसेच. दुपारी ४ वाजून १२ मिनिटे. कडुलिंबाने तळटीप दिली, इतिहास पुसला जात नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, खोटे बोललीस तर वर लिहिले जाते. वर म्हणजे कुठे, ते आता कळले. कालपासून दाराची बेल वाजली तरी दचकते.

तरीही कळविते, की मी कोणापुढे वाकणार नाही, आणि यापुढे सरळ मार्गानेच जाणार आहे. तनुजाला आशीर्वाद.

तुझी,
आत्या

ता. क. सोबत आजीवरचा एक लेख जोडला आहे. तनुजाने तो या शुक्रवारी पुरवणीत छापावा, माहेरच्या आडनावाने, म्हणजे कोणाला संशय येणार नाही. शनिवारच्या आत छापील संदर्भ मिळेल. एक शब्द बदलू नये. कुरिअर उद्या पोचते.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवले, चपला घातल्या आणि दारातून परत आले. चर्चापानावर लिहिले, ‘केसरबाई माझी आई. काल मी खोटे लिहिले. स्मरणिकाही माझीच.’ सहा मिनिटांत कडुलिंब उत्तरला, ‘जाहीर केल्याबद्दल धन्यवाद. मुदत तशीच राहील. पानाला हात लावू नका, काही सुचले तर चर्चेत सांगा.’ म्हणजे पान बहुधा जाणार. मी विचारले, आणि आत्ता मी लिहिले ते? तेही जाणार? तो म्हणाला, तुमच्या चर्चापानाचा इतिहास पुसला जात नाही. काल या वाक्याने धडकी भरली होती. आज मी ते दोनदा वाचले.

पाकीट फाडून हे लिहीत आहे. जोडलेला लेख काढून घेतला आहे. तनुजाने स्वतः लासूरला जावे, गोजरबाईला भेटावे, तिचे तिने लिहावे. शनिवार उलटला तरी चालेल. खाली स्पष्ट छापावे, की लेखिका केसरबाईंची नातसून आहे. मात्र गोजरबाईचे वय वर लिहिलेच आहे, तेव्हा फार सावकाश नको.