शून्य गुणांचा नवरा

प्रिय हट्टी माणसा,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंयस, म्हणून हे पत्र. ताईंच्या हातात देतेय. तू ते वाचेपर्यंत तुला जेवायला वाढणार नाही, असं त्यांनी कबूल केलंय. नणंद-भावजय एकदा एक झाल्या की तुझं काय चालणार?

वर्कशॉपमध्ये बरं चाललंय. त्या रिटायर झालेल्या बस ड्रायव्हरकाकांचा नवा कृत्रिम पाय काल तयार झाला. गुडघ्याखाली कड टोचत होती, ती मी घासून घासून गुळगुळीत केली. मग ते कठड्याला न धरता खिडकीपर्यंत चालत गेले आणि तिथेच रस्त्याकडे बघत उभे राहिले. मागे वळायलाच तयार नाहीत. मी प्लास्टरने माखलेले हात पाठीमागे धरून उभी, आणि डोळे पुसायची सोय नाही. घरी येऊन हे सगळं तुला सांगायचं होतं. कुलूप उघडलं आणि आठवलं, तू ताईंकडे राहायला गेलायस, कारण आपलं पटत नाही असं जगाला दाखवायचंय.

त्या व्हिसाच्या सल्लागाराला मी अजून माफ केलेलं नाही. माझं शिक्षण, अनुभव, इंग्रजी, सगळ्याचे गुण मांडून झाल्यावर त्याने तुझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी लिफ्टमध्ये न मावणाऱ्या कपाटाकडे बघावं. नवरा इंग्रजीच्या परीक्षेत नापास, म्हणून त्याचे गुण शून्य. एकट्या माणसाला मात्र एकटं असण्याचेच जादा गुण. "मॅडम, तुम्ही एकट्या असता तर काम झालंच होतं," असं तो म्हणाला, तेव्हा मी हसले. तू हसला नाहीस. तिथेच मला कळायला हवं होतं.

आठवड्याच्या आत तू बॅग भरलीस. कागदावरच तर वेगळं व्हायचंय, तिकडे पोचलीस की मला बोलावून घे, म्हणे. माझा संसार मोडायचा की ठेवायचा हे तू आणि त्या सल्लागाराने परस्पर ठरवलंत! मला विचारलंसुद्धा नाहीस, याचा राग अजून गेलेला नाही. नाकापेक्षा मोती जड झाला, तर मोती काढून ठेवतात रे, नाक कुणी कापत नाही.

आणि वेगळं व्हायचं तर निदान धड तरी व्हायचं. मी कामावर असताना येऊन दोरीवरचे कपडे काढून घड्या घालून गेलास. स्वयंपाकघराचा गळका नळ बसवलास. परवा दाराच्या बिजागरीला शिलाई मशीनचं तेल घालताना तुला शेजारच्या काकूंनी पाहिलं. साक्षीला लागतील म्हणून भांडण झाल्याचं तू त्यांनाच सांगून ठेवलं होतंस ना? त्या मला विचारत होत्या, असा भांडणारा नवरा कुठे मिळतो, त्यांच्या पुतणीसाठी हवाय. तुला साधं भांडण जमत नाही, मग इंग्रजी कसं जमणार?

मला जायचंय, हे मी लपवत नाही. तिकडे पळणाऱ्या मुलांसाठी पाय बनवतात. इथे मी मोठ्या माणसाचा जुना कृत्रिम पाय कापून एखाद्या पोरासाठी लहान करते आणि त्याला म्हणते, जपून चाल. मला कुणालातरी एकदा म्हणायचंय, पळ. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस झाला की वयाचे गुण घसरतील आणि हे दार बंद होईल, तेही मला ठाऊक आहे. म्हणून तर तू एवढा घायकुतीला आलास. पण तुझ्या परीक्षेचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आवडत्या जागेबद्दल दोन मिनिटं बोला, एवढंच विचारलं होतं, आणि तू गप्प बसलास. बाहेर येऊन खाली मान घालून म्हणालास, "आपल्या घराशिवाय दुसरं काही आठवेचना, आणि घराचं त्यांना काय सांगणार?" अरे वेड्या, तेच सांगायचं होतं.

म्हणून आता नीट वाच, आणि वाचून झाल्यावर ताईंवर चिडू नकोस. आज सकाळी मी अर्ज पाठवून दिला. सल्लागाराला न विचारता, माझा मी भरून. त्यात मी विवाहित आहे. नवरा सोबत येणार आहे. त्याचे गुण शून्य. बेरीज त्यांच्या किमान गुणांच्या रेषेला जेमतेम टेकते, आणि एवढ्यावर सहसा कुणाला बोलावत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी पाठवला. मला खोटं बोलून, तुला पुसून टाकून कुठेही जायचं नाही. बोलावलं तर दोघं जाऊ. नाही बोलावलं तर चार दिवस रडेन, तुझ्याच खांद्यावर, आणि पाचव्या दिवशी कामावर जाईन. अर्ज अजूनही मागे घेता येतो, पण मी घेणार नाही. तेव्हा तुझा तो त्याग आता कुणाच्याच उपयोगाचा उरलेला नाही. तो तिथे उबवत बसू नकोस. जेव आणि घरी ये.

तुझीच, आणि त्यांच्या दप्तरातसुद्धा तुझीच,
बायको