मंडळीचं प्रगतिपुस्तक

प्रिय ताईस,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींनी मीठ कमी केलं का, की अजून तू पाठ फिरवलीस की मिठाची बरणी फिरते? मी ठीक आहे. दात एक कमी झाला आहे, बाकी सगळं जागच्या जागी आहे. पत्रावरची तारीख बघून वजाबाकी करत बसू नकोस, मी केली आहे. चार वर्षं आणि दोन महिने. आईच्या शेवटच्या आजारात तू दोन वाजताची गोळी चाळीस मिनिटं उशिरा दिलीस, मी औषधांच्या वहीत लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारला, आणि आईची माती झाल्यावर तू माझ्याशी एक अक्षर न बोलता गाडीत बसलीस. त्या विषयावर मला या पत्रात काहीही लिहायचं नाही. हे पत्र निव्वळ मंडळीच्या बातम्यांचं आहे.

तर आपल्या चर्चमध्ये नवे पाळकसाहेब आले आहेत. इतके कोवळे, की माझ्या शाळेत असते तर त्यांचा वर्ग कोणता हे मी उंचीवरून सांगितलं असतं. पण डोकं चांगलं आहे. पंचांच्या बैठकीत (मी पंच आहे, दुसरं कुणी बैठकीचं इतिवृत्त वेळेवर लिहीत नाही) त्यांनी एकदम विचारलं, की माणसं तीस-तीस वर्षं दर रविवारी येऊन बसतात, ती वाढतात का? आणि वाढत नसतील तर आपण इथे करतो तरी काय? खजिनदार म्हणाले, सतरंज्या बदलून बघू. गायनप्रमुखांचं मत पडलं की आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, मोठे स्पीकर आणले की विश्वास आपोआप वाढेल. मला मात्र तो प्रश्न असा चिकटला की घरी येऊन मी चहात साखर दोनदा घातली. चौतीस वर्षं मी शाळेत प्रगती मोजली. मंडळीत कुणी कधी काही मोजलंच नाही! बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, की माणूस पास. पुढे त्याचं काय झालं याची नोंद कुठेच नाही. एकदम दफनाच्या वहीत.

म्हणून मी प्रगतिपुस्तक काढलं. जाड कागद, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला बायबलातल्या आत्म्याच्या नऊ फळांचे नऊ रकाने: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन. प्रत्येकाने स्वतःचं स्वतः भरायचं. त्रेपन्न कार्डं परत आली, आणि ताई, मी तुला सांगते, इतकी पवित्र माणसं एका छपराखाली जमल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. गायनप्रमुखांनी सौम्यतेपुढे ‘उत्कृष्ट’ लिहून त्याखाली अशी रेघ मारली होती की कागद फाटला. खजिनदारांनी दहावा रकाना स्वतःच आखून त्यात ‘नम्रता: माझ्याइतकी क्वचितच आढळेल’ असं लिहिलं. (मी स्वतःला सगळीकडे ‘चांगले’ दिलं होतं. विश्वासूपणाला फक्त ‘उत्तम’. मला अतिशयोक्ती आवडत नाही.)

आता शाळेत असं झालं तर आपण काय करतो? पेपर दुसऱ्याकडून तपासून घेतो. इथे माझी चूक झाली, आणि ती मी उपदेशपीठावरून, माईकमधून केली. जाहीर केलं, की पुढच्या रविवारी कार्ड घरच्या माणसाने भरून आणायचं. शाळेत गुण बाई देतात आणि सही घरचे करतात. इथे गुण घरचे देतील आणि सही पाळकसाहेब करतील. लोकांनी माना डोलावल्या. बायकांनी जरा जास्तच.

पुढच्या रविवारी उपासनेला येणारी जोडपी वेगवेगळ्या दारांनी आली. गायनप्रमुखांच्या बायकोने सहनशीलतेपुढे लिहिलं होतं, ‘चर्चमध्ये आहे. घरी आणत नाहीत.’ त्या दिवशी सगळी गीतं दुप्पट वेगाने झाली. खजिनदारांच्या सुनेने नऊही रकान्यांवर एकच कंस काढून त्यापुढे ‘पाहुणे आल्यावर’ इतकंच लिहिलं. पाळकसाहेबांचं कार्ड पाळकबाईंनी भरलं होतं: ‘उपदेश उत्तम करतात. एकदा समोर बसून ऐकावाही.’ बिचारे लाल झाले, पण कार्ड लपवलं नाही, पीठावरून वाचून दाखवलं. (त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांना एक वर्ग वर चढवला.) दोन घरांत बोलणं बंद झालं, एका आजोबांनी दुसऱ्या मंडळीत नाव घालायची धमकी दिली, आणि मला लोक जिन्यात टाळू लागले. मला मागून ‘लाल पेन’ म्हणतात हे मला आधीपासून ठाऊक होतं. आता समोरून म्हणू लागले.

मी योजना गुंडाळणारच होते, तेवढ्यात शिंपीकाका आले. ते आणि काकू दुकानात दिवसभर शेजारी-शेजारी दोन मशीनवर बसतात. गेली कित्येक वर्षं दोघांत ‘कात्री दे’ आणि ‘घे’ यापलीकडे संभाषण नाही, हे सगळ्यांना माहीत. त्यांनी कोरं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, हे काय, एवढ्या दिवसांत एक रकानाही भरला नाही? काका म्हणाले, “भरायला बसलो हो बाई. पहिल्याच रकान्यावर ही म्हणाली, आपला पोरगा परदेशी गेला तेव्हा तुम्ही एकदाही रडला नाहीत. मी म्हटलं, तू झोपलीस की रडायचो. मग चहा गार झाला. मग पुन्हा केला, तोही गार झाला. गुण द्यायचे राहूनच गेले.” मग टोपी हातात फिरवत विचारलं, “अजून एक कार्ड मिळेल का? दुसऱ्या रकान्यासाठी.”

ताई, मी तेव्हापासून विचारात आहे. त्रेपन्न कार्डांत वाढ दिसली ती एकातच, आणि त्याच्यावर काही लिहिलेलं नाही! याला मोजायचं कसं? पाळकसाहेबांनी आता गुण बंद केले आहेत. उपासनेनंतर अर्धा तास खुर्च्या समोरासमोर फिरवून ठेवतात. दोघांनी बसायचं, कार्ड मध्ये ठेवायचं, एका रकान्यावर बोलायचं. लोक वाढतात का, हे मला अजून सांगता येत नाही. चहा मात्र फार गार होतो. गायनप्रमुख परवा बायकोसमोर पूर्ण अर्धा तास बसले आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. (मी घड्याळ लावलं होतं.)

मग पाळकसाहेबांनी विचारलं, बाई, तुमचं कार्ड कुणी भरलं? मी एकटी राहते हे त्यांना माहीत आहे, तरी विचारलं. मी घरी येऊन कामवालीपुढे कार्ड ठेवलं. तिने आधी पदराला हात पुसले आणि म्हणाली, “खरं लिहू का काम टिकवू?” मी म्हटलं, खरं. तर म्हणते, “मी तुम्हाला सकाळी एक तास बघते. तासभर कुणीही चांगलं असतं. तुमच्यासोबत राहिलेलं माणूस शोधा.” आणि फरशी पुसायला लागली. तासाबद्दल ती उदारपणे बोलली, हे मला कळलं.

असो. बातम्या संपल्या. भावोजींना सलाम सांग. मीठ कमी करायला सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत कार्ड आहे. वरचं नाव माझं आहे. माझ्यासोबत राहिलेली माणसं दोनच, त्यातली एक मातीत आहे. पेन्सिलीने लिहू नकोस, पुसता येतं.

ता. क. दुसरा. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर जिन्यात मला म्हणाले होते, की चाळीस मिनिटांनी काही बिघडत नाही, आता कशानेच काही बिघडत नाही. तुमच्या बहिणीला जरा झोपू द्या, ती बसल्या-बसल्या पडेल. हे मी तुला सांगितलं नाही. तेव्हा वहीत शेरा मारून झाला होता, आणि मारलेला शेरा मी कधी खोडला नव्हता. चार वर्षं दोन महिने हे मला माहीत आहे आणि तुला नाही. विश्वासूपणाचं ‘उत्तम’ मी माझ्या हाताने खोडलं आहे. पुढचं तू लिही. लाल पेन पाकिटात घातलं आहे.

ता. क. तिसरा. शिंपीकाकू म्हणतात, कार्ड टपालाने भरत नसतं, समोर बसावं लागतं. तुमच्याकडची गाडी इथे दुपारी दोनला लागते. मी शनिवारी स्टेशनवर असेन, त्यापुढच्या शनिवारीही असेन. कार्ड कोरं आणलंस तरी चालेल. फक्त वेळेवर ये.

(शेवटचं वाक्य खोडलं आहे असं समज. उशीर झाला तरी चालेल.)