कंपनीची मालकीण

आप्पा, आज पेपरात पहिल्याच पानावर हायड्रोजन आहे. सरकारने नवं धोरण काढलंय. आता म्हणे बसगाड्या त्याच्यावर चालणार आणि मागून धुराऐवजी पाणी पडणार. लॅबमध्ये सकाळच्या रक्ताच्या बाटल्या लावता लावता मी ती बातमी वाचली आणि मला तुमचा इतका राग आला की हातातलं काम ठेवून जरा वेळ स्टुलावर बसावं लागलं. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, राग एव्हाना शिळा व्हायला हवा होता. नाही झाला. कारण हेच वाक्य तुम्ही मिऱ्याच्या आपल्या घरात, स्वयंपाकघरात पाटावर बसून आईला वाचून दाखवलं होतंत. 'धूर नाय, आवाज नाय, मागून नुसतं पाणी.' आई तेव्हा बांगडे साफ करत होती. ती म्हणाली, "पाणी पडतंय तर आमच्या विहिरीत पाडा म्हणावं."

अठ्ठ्याण्णव साली तुम्ही बोटीवरून कायमचे उतरलात. तोवर तुम्ही म्हणजे माझ्यासाठी वर्षातून एकदा येणारे पाहुणे होतात. परदेशी साबणाचा वास, आईला साडी, मला रंगीत पेनं आणि छातीतून जाता न जाणारा खोकला. उभा जन्म इंजिनरूममध्ये तेलपाणी बघण्यात घालवलेला माणूस डिझेलचं नाव काढलं की थुंकायचा, यात नवल काही नव्हतं. म्हणून कुठल्याशा पुरवणीत तुम्ही फ्युएल सेलबद्दल वाचलंत तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिलाय. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, वीज तयार होते, वर पाणी. असं इंजिन असतं तर माझी छाती अशी झाली नसती, असं तुम्ही म्हणालात आणि ते खरंच होतं. त्या एका वाक्यासाठी मी आजही तुम्हाला काही बोलू शकत नाही.

मग तुम्ही आम्हाला प्रयोग करून दाखवायला बसलात. काचेची बरणी, बॅटरीचे सेल, पेन्सिलीतून सोलून काढलेल्या दोन काड्या. पाण्यातून वीज जाईना म्हणून तुम्ही मूठभर मीठ टाकलंत. मी नुकतीच अकरावीत गेले होते. मी म्हटलं, "आप्पा, मीठ घातलंत तर ऑक्सिजन नाही येणार, क्लोरीन येईल." तुम्ही म्हणालात, "गप बस गो, इंजिन मी बघितलंय की तू?" बुडबुडे आले, तुम्ही टाळ्या वाजवल्यात, आणि घरभर विहिरीत टाकायच्या पावडरीचा वास सुटला. आईने नाकाला पदर लावून बरणी मागच्या दारी नेली. वास कशाचा, हे तुम्ही मला विचारलं नाहीत. त्या घरात विज्ञान शिकणारं एकच माणूस होतं, आणि पुढे जे काही झालं त्यात त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही.

दोन हजार सालचा तो माघ मला लख्ख आठवतो. घरामागच्या कातळावरची आपली कलमं अशी मोहोरली होती की पान दिसत नव्हतं. राजापूरचे चाचा नेहमीसारखे बाग बघायला आले. आपली रीतच होती ती. तुम्ही बोटीवर, आंबा उतरवायला घरात पुरुषमाणूस नाही, म्हणून आजोबांच्या पश्चात बाग दर वर्षी मोहोरावरच द्यायची. मोहोर बघून चाचा आकडा सांगायचे, आई होय म्हणायची, आणि पुढे तुडतुडे पडोत की ढगाळ हवेने सगळं जळो, आपले पैसे आपल्या घरात. आंबा झाला तर चाचांचा, नाही झाला तर चाचांचं नशीब. त्या दिवशी चाचा एकेका कलमाखाली उभे राहून फांद्या हलवून बघत होते, आणि तुम्ही त्यांच्या मागेमागे शेअरबाजार सांगत होतात. गोखले नाक्यावरच्या त्या माडीवर दलालाने संगणक आणलाय, मुंबईचा भाव रत्नागिरीत बसून दिसतो, डिझेलवरची सरकारी सवलत आता निघणार, मग लोक दुसरं इंधन शोधणार, तुम्हीही टाका थोडे. चाचांनी मोहोराचा एक तुरा हातावर झटकला. भुगा पडला. म्हणाले, "आप्पानू, मोहोर सगळ्यांना दिसतो. गळ कुणाला दिसत नाय. मी गळीचा हिशोब करतो म्हणून मला दोन पैसे सुटतात." तुम्ही हसलात आणि त्यांना चहा दिलात. मला वाटतं, आपलं सगळं चुकलं ते तिथेच. जन्मभर मोहोर विकणाऱ्या घराने पहिल्यांदाच मोहोर विकत घेतला, आणि तुम्ही प्रत्येक फुलाचा आंबा धरलात.

तुम्ही दोन कंपन्या निवडल्यात. एक फ्युएल सेलवाली. ती आदल्या वर्षापर्यंत कापड विणत होती. धंदा बसला तेव्हा मालकांनी नावाच्या पाटीवर 'एनर्जी' हा शब्द चढवला आणि भाव चढायला लागला. आप्पा, वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरून विकतात म्हणून दर मे महिन्यात घरात शिव्यांची लाखोली वाहणारे तुम्हीच ना? पेटी आमची आणि माल भलतीकडचा, चोर मेले, असं म्हणत तुम्ही एकदा फळवाल्याशी हातघाईवर आला होतात. मग या पेटीचं झाकण उघडून बघावंसं तुम्हाला का वाटलं नाही? मी हे तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण तुम्ही जेवताना मान वर करून बघायचात आणि विचारणं तिथेच थांबायचं.

दुसरी कंपनी बायोटेकची. ती तुम्ही माझ्या नावावर घेतलीत, मी अठराच्या आतली, कायद्याने अज्ञान, म्हणून पालक तुम्ही. माझ्या वाढदिवसाला आईने शिरा केला होता. तुम्ही एक मोठा लिफाफा ताटाशेजारी ठेवलात. "घे. तुला जीवशास्त्र आवडतं ना? आख्खी कंपनी घेतली तुझ्यासाठी. कॅन्सरवर औषध काढतायत ते. तू मालकीण." मी लिफाफा उघडला आणि शेअरच्या कागदावर छापलेलं माझं नाव दोनदा वाचलं. महिनाभर तुम्ही मला हाक मारताना 'मालकीण' म्हणायचात. 'मालकीणबाई, पाणी द्या.' दलालाच्या माडीवर तुम्ही मला दोनदा घेऊन गेलात. तिथे पेन्शनीतले मास्तर, बोटीवरून आलेले, आखातातून आलेले असे सगळे पडद्याकडे तोंड करून बसलेले, आणि तुम्ही त्यांच्यात तोंडावर तेज घेऊन. इंजिनरूममध्ये तुम्ही कसे दिसत असाल ते मला माहीत नाही. पण त्या माडीवर तुम्ही सुखी दिसलात.

मग गळ सुरू झाली. कुणाला सांगायची गरज नव्हती, तुमची जिना उतरायची पद्धतच बदलली. आई म्हणाली, निम्मे तरी विका. तुम्ही म्हणालात, विकलं तरच तोटा, ठेवलं तर काय बिघडत नाय. पुढे दर वेळी दिल्लीतून काहीतरी यायचं आणि तुम्ही ते धरून बसायचात. एका वर्षी सवलतीची भाषा, दुसऱ्या वर्षी समिती, आणि समितीचा अहवाल येईपर्यंत सरकारच बदललं. पण हे पुढचं. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात गुहागरकडचा मोठा वीजप्रकल्प बंद पडला तेव्हा सगळ्या जिल्ह्याच्या पोटात गोळा आला, आणि आपल्या घरात तुम्ही एकटे खूश. "नाफ्ता जाळून केलेली वीज परवडली नाय बघ. आता आमचाच नंबर." अंधारात जेवत होतो आम्ही. भारनियमन सुरू होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये माझा बारावीचा निकाल लागला. पुण्याच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीचा नवा अभ्यासक्रम निघाला होता आणि यादीत माझं नाव होतं. ती फी तुम्ही बोटीवर असताना माझ्या शिक्षणासाठी म्हणून बाजूला ठेवली होतीत, आईने मला कितीदा सांगितलं होतं. मी पडवीत तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही झोपाळ्यावर. तुम्ही म्हणालात, दिवाळीपर्यंत थांब, भाव येईल. मी म्हटलं, कॉलेज दिवाळीपर्यंत थांबत नाही. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. "अगो, शिकून तू काय करणार? असल्याच कंपनीत नोकरी मागायला जाणार ना? मी तुला मालकीण केलीय. मालकाला कधी डिग्री लागते काय?" तुम्ही हे थट्टेने बोलला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही मनापासून बोललात. तुम्हाला खरंच वाटत होतं की तुम्ही मला जास्त दिलंय. आई आतून म्हणाली, "बोटीवर होतात तेच बरं होतं." एवढं बोलून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तुम्ही झोपाळ्यावरून उठून कातळाकडे गेलात. पुण्याची मुदत टळली.

मी रत्नागिरीतच बी.एस्सी. केलं, मग लॅबचा कोर्स, मग चिपळूणची ही नोकरी. लोकांच्या रक्तातली साखर मोजते. वाईट काम नाही. तुम्ही पुढे बाग चाचांना एकदम पाच वर्षांच्या कराराने देऊन टाकलीत, आणि चाचांनी, त्यांचं भलं होवो, मोहोर न बघता पैसे मोजले. तुमचा खोकला वाढत गेला. शेवटच्या आजारपणात मी तुमच्या उशाशी बसायचे तेव्हा तुम्ही विचारायचात, माझी कंपनी काय म्हणते. फ्युएल सेलवालीची नोंद तोवर बाजारातून पुसली गेली होती. मी म्हणायचे, बरी आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, आप्पा. बोलणं वाढू नये म्हणून.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी माझ्या कंपनीचं वार्षिक सभेचं बोलावणं आलं. तसं ते दर वर्षी यायचं. त्या वर्षी मी रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने पुण्याला गेले. म्हटलं, बघून तरी येऊ आपण कशाच्या मालक आहोत. सभा एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. बहुतेक रिटायर झालेली माणसं, हातात बटाटेवडा आणि पेढ्याचं खोकं. दारात माणूस म्हणाला, भागधारक? मी हो म्हटलं. आप्पा, कॅन्सरचं औषध कधीच बाजूला पडलं होतं. तुमच्या लेकीची कंपनी आता संडासाच्या टाकीत टाकायची जिवाणूंची पावडर बनवते. माझ्याच वयाची एक मुलगी ती पावडर कशी काम करते ते पडद्यावर दाखवत होती. त्याच पुण्यात, तोच अभ्यासक्रम केलेली. मी जर इथे उभी असते तर ती साडी मी नेसले नसते, असलं काहीतरी फालतू मनात येत राहिलं.

मग अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का. एका आजोबांनी यंदा पेढा एकच का, असं विचारलं. मी उठले. माझं मलाच कळलं नाही, पण उठले. मी विचारलं की कोकणात टाकीऐवजी जांभ्या दगडात खणलेला खड्डा असतो, पाणी झिरपून जातं, मे महिन्यात ओल राहत नाही, तिथे हे जिवाणू टिकतील का, आणि आमच्या बायका वरून फिनेल ओततात त्याचं काय. ती मुलगी गडबडली. बाजूच्या माणसाकडे बघून म्हणाली की अशा जागी आम्ही अजून तपासलेलं नाही, पण प्रश्न फार चांगला आहे. मग हसून विचारलं, "मॅडम, तुम्ही बायोटेक केलंय का?"

मी म्हटलं, "नाही. मी मालकीण आहे."

सगळा हॉल हसला. ती मुलगीही हसली. पेढ्याचं विचारणाऱ्या आजोबांनी वळून बघितलं आणि टाळी वाजवली. मी खाली बसले, वडा खाल्ला, आणि संध्याकाळच्या गाडीने कुंभार्ली घाट उतरून घरी आले. माझ्याकडे राहायला आलेल्या आईला म्हटलं, मैत्रिणीकडे गेले होते.

ते शेअर मी विकलेले नाहीत. विकायला गेले तर दोन माणसांचं जेवणही सुटायचं नाही. आणि तुम्हाला मी माफही केलेलं नाही, उगाच समजूत करून घेऊ नका. तुम्ही माझी जागा घालवलीत ती घालवलीत. पण ते वाक्य बोलताना मला छान वाटलं होतं, आप्पा. ताठ वाटलं होतं. हे पत्र लिहून झालं की मी ते फाडणार आहे. तुमचा पत्ता असता तरी पाठवलं नसतं. तुम्हाला कळलं असतं तर गोखले नाक्यावरच्या त्या माडीवर भेटेल त्याला सांगत सुटला असतात, आणि मी म्हटलं नव्हतं काय, असं विचारायला मला शोधत आला असतात.